इपॉक्सी पुट्टीने मिनिएचरला कपडे चढवताना

मिनिएचरवरचा, म्हणजे छोट्या मूर्तीवरचा, कोट खोटा दिसला की पहिला संशय चुण्यांवर जातो. खरा घोटाळा बहुधा आत असतो: कोटाखाली माणूसच नसतो. खांद्याचं हाड कुठे आहे, कोपर किती वाकलंय, कंबर कुठे आवळली आहे, हे पुट्टी लावायच्या आधी ठरलेलं नसलं की हात आपोआप ‘कापडासारख्या’ रेघा ओढत सुटतो. त्या रेघा कुठूनही निघतात आणि कुठेही संपतात. खरं कापड असं वागत नाही. ते कुठेतरी अडकलेलं असतं, तिथून ताणलं जातं किंवा लोंबतं, आणि वाटेत काही आडवं आलं की साचतं. प्रत्येक चुणीला एक धरून ठेवणारी जागा असते. ती जागा दाखवता येत नसेल तर ती चुणी काढून टाकावी.

दुसरी गोष्ट वेळेची. इपॉक्सी पुट्टी म्हणजे दोन भाग एकत्र मळले की घट्ट होत जाणारा लगदा. मळल्यापासून घट्ट होईपर्यंत तिचा स्वभाव सतत बदलत असतो. विसाव्या मिनिटाला जे सहज जमतं ते सत्तराव्या मिनिटाला फाटतं, आणि सत्तराव्या मिनिटाचं काम विसाव्याला केलं तर सगळा लगदा होतो.

पुट्टी कोणती

कपड्यांसाठी सगळ्यात जास्त वापरली जाते ती निळी-पिवळी पुट्टी, जिला सगळे ग्रीन स्टफ म्हणतात. मूळ माल नीडाटाइट या नावाचा. पिवळा भाग रेझिन, निळा भाग हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारा. ही चिवट असते, ताणली तरी पटकन तुटत नाही, पातळ थरातही टिकते आणि टूलने दिलेला उतार धरून ठेवते. वाहत्या, गोलाईच्या चुण्यांना तिच्यासारखी दुसरी नाही. तिचा दोष असा की वाळल्यावरही ती किंचित रबरासारखी राहते. सँडपेपर मारला तर गुळगुळीत व्हायच्या ऐवजी तिची लव उठते. धारदार कडाही तिला मनापासून जमत नाहीत.

मिलिपुट या दुसऱ्या इपॉक्सी पुट्टीचं अगदी उलट. ती मातीसारखी वागते, पाण्याने गुळगुळीत होते, वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते, कापता, कोरता आणि घासता येते. पण पातळ थर ठिसूळ होतो आणि ओली असताना ताण सहन करत नाही. लोंबणाऱ्या कापडाची कड मिलिपुटची केली तर पहिल्याच धक्क्याला तिचा टवका उडतो.

म्हणून अनुभवी हात दोन्ही एकत्र करतात. आधी दोन्ही पुट्ट्या स्वतंत्रपणे पूर्ण मळायच्या आणि मग निम्मी-निम्मी एकमेकीत मळायच्या. मिश्रण कमी चिकटतं, कडा धरतं आणि वाळल्यावर बऱ्यापैकी घासता येतं. झगा, पायघोळ कोट यांसाठी ग्रीन स्टफ जास्त घ्या, साधारण दोन भागांना एक. बेल्ट, बूट, कडक कॉलर यांसाठी मिलिपुट जास्त. पहिल्यांदाच करणाऱ्याने मात्र नुसत्या ग्रीन स्टफवर हात बसवावा, कारण तिची घड्याळाची सवय एकदा लागली की मिश्रणाचा अंदाज आपोआप येतो.

ग्रीन स्टफ पट्टीच्या रूपात मिळत असेल तर निळा आणि पिवळा भाग जिथे एकमेकांना चिकटलेले असतात ती मधली २ मिलिमीटरची रेघ ब्लेडने कापून फेकून द्या. तिथे पुट्टी आधीच वाळलेली असते. ती रेघ वाचवायची काटकसर करणाऱ्याच्या मिश्रणात वाळूसारखे कण येतात, आणि ते नेमके बाहीच्या सगळ्यात पातळ जागी वर येतात. तोवर ते काढायची वेळ गेलेली असते.

प्रमाण साधारण समसमान. निळा जास्त घेतला की मिश्रण घट्ट आणि कमी चिवट, पिवळा जास्त घेतला की मऊ, चिकट आणि वाळल्यावर लवचीक. चुण्यांसाठी पिवळा चिमूटभर जास्त चालतो. एकास दोनच्या पलीकडे मात्र जाऊ नका. मळणं पुरेसं झालं की नाही हे रंगावरून ओळखायचं: निळ्या-पिवळ्या शिरा अजिबात न दिसता एकसारखा हिरवा रंग यायला हवा. त्याला पाच मिनिटं तरी लागतात. अर्धवट मळलेली पुट्टी दुसऱ्या दिवशीही मऊ डाग ठेवते, आणि तो डाग नंतर कशानेही वाळत नाही. खरवडून काढणं एवढाच उपाय.

किती मळायची? नवशिके नेहमी चौपट मळतात. ५४ मिलिमीटर उंचीच्या फिगरच्या, म्हणजे मूर्तीच्या, एका बाहीला ६ मिलिमीटर व्यासाची गोळी पुरते, २८ मिलिमीटरच्या फिगरला ४ मिलिमीटरची. एका बैठकीत दोन बाह्या किंवा पँटचा एक पाय, याहून जास्त काम होत नाही. बाकीची पुट्टी हातात घट्ट होत बसते, आणि ती वाया जाऊ नये म्हणून आपण घाई करतो. घाईत केलेली बाही ओळखू येते.

हाताची काळजी: न वाळलेली इपॉक्सी त्वचेला लागत राहिली तर ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. मळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. टूल ओलं करायला ते जिभेला लावायची जुनी सवय कित्येकांना असते, ती सोडा. वाळलेली पुट्टी घासताना ती ओली ठेवा, म्हणजे धूळ उडत नाही. कोरडं घासायचंच असेल तर मास्क लावा.

आतलं शरीर थोडं उपाशी ठेवा

१:३२ प्रमाणात, म्हणजे ५४ मिलिमीटरच्या फिगरवर, ३ मिलिमीटर जाडीचं लोकरी कापड हिशेबाने ०.१ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. इतका पातळ थर पुट्टीत उभा राहत नाही. हाताने घातलेला कामाचा थर ०.५ ते ०.७ मिलिमीटरचा होतो. दोन्ही बाजू धरल्या तर दंड एका मिलिमीटरहून जास्त फुगतो, आणि मुळात तो उघडा दंड जेमतेम ३ मिलिमीटरचा असतो. शर्टावर कोट, कोटावर पट्टा असं चढवत गेलं की सडपातळ शिपाई पिंप होतो.

म्हणून शरीर मुद्दाम बारीक ठेवायचं. तयार फिगर बदलत असाल तर तिच्यावरचे मूळ कपडे ११ नंबरच्या ब्लेडने आणि फाइलने खरवडून अर्धा मिलिमीटर तरी आत न्या. फक्त जुन्या चुण्या सपाट करून भागत नाही. नव्याने घडवत असाल तर तारेचा सांगाडा करा: ५४ मिलिमीटरसाठी ०.८ मिलिमीटरची पितळी तार, २८ साठी ०.५ ची. गुळगुळीत तारेवरून पुट्टी फिरते, तिच्यावर केसासारखी तांब्याची तार गुंडाळली की पकड मिळते. त्यावर छाती, ओटीपोट आणि हातपाय पुट्टीने भरून पूर्ण वाळू द्या. स्नायू कोरत बसू नका, पण हाडांच्या जागा बिनचूक हव्यात.

वाळलेलं शरीर साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा. रेझिनच्या फिगरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य असतं. ते राहिलं तर सगळी बाही नंतर एका तुकड्यात निघून येते, सापाच्या कातीसारखी. मग २४० नंबरच्या सँडपेपरने पृष्ठभाग खरखरीत करा. धातूच्या फिगरवर मोठ्या गुळगुळीत जागी बारीक ड्रिलने उथळ खड्डे पाडले तर आणखी बरं.

आता पेन्सिल घ्या. कपडा शरीराला जिथे टेकतो तिथे ठिपके द्या: खांद्याचा माथा, पाठीचं फऱ्याचं हाड, छातीचा उंच भाग, कोपर, मनगटाचं हाड, कमरेचं हाड, बसायचा भाग, गुडघा, पोटरी. मग पोज बघा. उजवा हात वर गेला असेल तर कोट कुठून ओढला जाईल? कमरेच्या पट्ट्यापासून उजव्या खांद्याकडे. त्या दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ मारा. मोठ्या चुण्यांचा सगळा नकाशा अशा पाच-सहा रेघांत होतो. खात्री नसेल तर साधा उपाय आहे. तसाच कपडा घालून आरशासमोर त्याच पोजमध्ये उभं राहायचं आणि बाजूने एकच दिवा लावायचा. फोटो काढून ठेवा, आणि पुट्टी हातात असताना तो समोर असू द्या.

घड्याळ

खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास धरून ग्रीन स्टफचा दिवस असा जातो. मळल्यानंतर पहिली पंधरा मिनिटं ती टूलला चिकटते. थर पसरवायला आणि खालच्या पृष्ठभागात चोळून बसवायला हीच वेळ चांगली. पंधरा ते चाळीस मिनिटांत मोठे आकार ढकलायचे. चाळीस ते नव्वद मिनिटं खरी सुगी: चुणीची धार, खोलवा, उतार सगळं तेव्हा. नव्वदनंतर पुट्टी चामड्यासारखी होते. त्या वेळी फक्त झिलई करायची, शिवणीचे टोचे द्यायचे आणि कडा कापायच्या. तीन-चार तासांनी हाताळण्याइतकी घट्ट होते, पूर्ण टणक व्हायला रात्र द्यावी लागते.

उष्णतेने हे सगळं लवकर सरकतं. ढोबळ अंदाज असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ निम्म्यावर येतो. पस्तीस अंशांच्या खोलीत चुण्या काढायला जेमतेम अर्धा तास मिळतो, तेव्हा गोळी आणखी लहान घ्या. याचाच फायदाही घेता येतो: काम संपल्यावर फिगर टेबललॅम्पखाली १५ सेंटीमीटरवर ठेवली तर तासाभरात पुढचा थर घेता येतो. पन्नास अंशांच्या वर मात्र नको. रेझिनची तलवार वाकते, आणि थरात अडकलेली हवा फुगून बाहीला फोड येतो. मळलेली पुट्टी मध्येच थांबवायची असेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशीही कामाला येते. न मळलेली पट्टीही तिथेच जास्त टिकते.

प्रत्येक वेळी मळलेल्या मिश्रणातली एक मोहरीएवढी गोळी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवून शेजारी वेळ लिहून ठेवा. पुट्टी कुठवर आली आहे हे बघायला फिगरला नख लावायची गरज राहत नाही. बोटाचे ठसे निम्मे तरी यानेच टळतात.

एक बाही, सुरुवातीपासून

कोपरात काटकोनात वाकलेला हात घ्या, बाही थोडी सैल लोकरी कोटाची. लागणारी टूल्स तीनच: पानाच्या आकाराचं टोक असलेलं दातकामाचं वॅक्स कार्व्हर, सिलिकॉनच्या टोकाचा लहान शेपर, आणि दांडीत बसवलेली सुई. धातूचं टूल आधी १००० नंबरच्या ओल्या सँडपेपरने आणि पॉलिशने आरशासारखं करून घ्या. टूलवरचा प्रत्येक ओरखडा पुट्टीत उमटतो.

ताज्या पुट्टीचा अगदी पातळ लेप हातावर चोळा, खालचा रंग दिसेल इतका पातळ. हा डिंक. त्याशिवाय वरचा थर टूलबरोबर सरकत राहतो. मग उरलेली गोळी लांबट करून चपटी करा आणि हाताभोवती गुंडाळा, सांधा बगलेच्या बाजूला, जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही तिथे. पाण्यात ओल्या केलेल्या शेपरने सांधा पुसून टाका. आता बाही म्हणजे एक गुळगुळीत नळी दिसली पाहिजे. चुण्या अजून नाहीत. घाई नको, वीस मिनिटं जाऊ द्या.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला कापड ताणलेलं असतं. तिथे कार्व्हरच्या पाठीने दाबून थर इतका पातळ करा की हाडाचा टोकदारपणा जाणवेल. दाबलेली पुट्टी आपोआप आतल्या बाजूला सरकते, आणि तिथेच ती हवी असते. कोपराच्या आतल्या घडीत कापड साचतं. सुईने तिथे तीन रेघा हलकेच आखा. तीनही कोपराच्या टोकाकडून पंख्यासारख्या आत येणाऱ्या, पण एकमेकींपासून समान अंतरावर नसलेल्या. मधली सगळ्यात खोल.

आता कार्व्हरच्या गोल बाजूने त्या रेघांच्या जागी खोलवे दाबा. इथे बहुतेकांचं चुकतं: टूल ओढून खोबण कोरली जाते, तेव्हा कापड चिरल्यासारखं दिसतं. खोलवा दाबून करायचा असतो, ओढून नाही. टूल टेकवा, दाबा, उचला, पुढे सरका, पुन्हा दाबा. पुट्टी दोन्ही बाजूंना उठते आणि उंचवटे मिळतात. मग उंचवट्याच्या एका बाजूला कललेला दाब देऊन ती बाजू जरा सरळ करा, दुसरी तिरकी राहू द्या. दोन्ही बाजूंना सारखाच उतार असलेली चुणी पन्हाळी पत्र्यासारखी दिसते.

ताणामुळे आलेली चुणी आणि दबल्यामुळे आलेली चुणी, या दोन जाती वेगळ्या आहेत, आणि एवढा फरक जरी सांभाळला तरी काम उठून दिसतं. ताणाच्या चुणीचा उंचवटा अरुंद असतो, खोलवा रुंद आणि उथळ. ती ताणाच्या जागी धारदार सुरू होते आणि लांब जात विरघळते. दबल्याने आलेली चुणी जाड, गोल, आखूड असते आणि तिच्या दोन उंचवट्यांमधला खोलवा अरुंद आणि खोल असतो. कोपराच्या आत दुसरी जात, काखेपासून छातीकडे पहिली. एकाच बाहीवर दोन्ही भेटतात तिथे चुणी दुभंगून वायच्या आकाराची होते. असे दोन-तीन दुभंग टाकल्याशिवाय बाही जिवंत होत नाही.

मनगटापाशी बाही लांब असेल तर तिथे कापड कड्यांसारखं साचतं. पूर्ण गोल कडी करू नका. एक कडं पुढून सुरू होऊन मागे विरतं, दुसरं मागून येतं, आणि बाजूला त्यांचा वाकडातिकडा जोड होतो. पँटच्या खाली बुटावर साचणाऱ्या कापडाचंही हेच.

सत्तराव्या मिनिटाला मोठं काम थांबवा. आता शेपर पाण्यात बुडवून, टिपकागदाला टेकवून, फक्त ओलसर करून प्रत्येक उतारावरून एका दिशेने फिरवा. ग्रीन स्टफला पाण्याऐवजी किंचित व्हॅसलिनही चालतं, पण ते जपून: पुढचा थर देण्याआधी साबणाने धुतलं नाही तर तो धरणार नाही. मिलिपुटला पाणी आवडतं, मात्र जास्त झालं की वर दुधासारखा चिखल तयार होतो आणि बारकावे बुजतात.

सगळं एकदम नाही

आतून बाहेर जायचं: पँट आणि बूट, मग शर्ट, मग कोट, मग पट्टे आणि पिशव्या, शेवटी कॉलर आणि कफ. प्रत्येक टप्पा वाळल्याशिवाय पुढचा नाही. कारण साधं आहे: कॉलर दाबायला मागे टणक पाठ लागते. मऊ कोटावर मऊ कॉलर बसवली की दोन्ही एकत्र हलतात, आणि एक सुधारताना दुसरं बिघडतं. दोन्ही बाह्याही एकाच दिवशी करायच्या असतील तर आधी असा बेत करा की फिगर पकडायला एक मोकळी जागा राहील. बहुतेक जण पायात तार घालून ती बुचात खोचतात आणि बूच हातात धरतात.

पट्ट्याखालच्या चुण्या पट्टा बसवायच्या आधी करायच्या. आवळलेल्या कमरेवर कापड पट्ट्याच्या वर थोडं फुगतं आणि खाली लहान-मोठ्या नळ्यांसारखं पसरतं. पट्ट्याची जागा खाचेसारखी दाबून ठेवा. वाळल्यावर त्या खाचेत पट्टा बसला की तो खरोखर आवळल्यासारखा दिसतो. वरून चिकटवला की नुसता रंगवल्यासारखा.

कापडाचं वजन चुण्यांच्या संख्येवरून कळतं. जाड लोकर: थोड्या, मोठ्या, गोल. पातळ सुती: पुष्कळ, लहान, मोडलेल्या. चामडं: सांध्यांवर उथळ सुरकुत्या, बाकी गुळगुळीत. २८ मिलिमीटरवर यातल्या निम्म्या चुण्या गाळा आणि उरलेल्या खोल करा, नाहीतर रंगाच्या पहिल्या हातात बुजून जातील.

झगा: लाटून, टांगून

मोकळा लोंबणारा झगा शरीरावर थर देऊन होत नाही. तो वेगळा लाटावा लागतो. दोन पॉलिथिन कागदांमध्ये, आतून टाल्कम पावडरचा हात फिरवून, गोळी ठेवा. दोन्ही बाजूंना ०.५ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. वरचा कागद काढून तीस ते पन्नास मिनिटं थांबा. उचलून बघितल्यावर लगेच फाटत नाही आणि स्वतःच्या वजनाने वाकते, अशी अवस्था हवी.

तोवर ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलचा झगा कापून फिगरवर घालून बघा. फॉइल चुण्या धरून ठेवतं, त्यामुळे घेर किती लागेल आणि कड कुठे येईल हे आधीच कळतं. फॉइल पुन्हा सपाट केलं की तोच साचा झाला. नव्या ब्लेडने, ओढून नाही तर वरून दाबून, त्या मापाची पुट्टी कापा.

फिगरच्या खांद्यांवर आणि गळ्याशी ताज्या पुट्टीचा डिंक लावा. झगा आधी फक्त तिथे टेकवा, मग बाकीचा मोकळा सोडा. ओल्या ब्रशच्या दांड्याने आतल्या बाजूने चुण्या बाहेर ढकला. खांद्याच्या ठिपक्यापासून सुरुवात करा आणि खाली जाताना त्या रुंद करत न्या. दोन खांद्यांमध्ये सैल पडणारं कापड पाठीवर इंग्रजी यू सारखं लोंबतं. त्याचे थर एकाखाली एक, आणि दर यूचा तळ थोडा डावी-उजवीकडे सरकलेला. वाऱ्यात उडणारा झगा असेल तर आत चुरगळलेल्या फॉइलचा आधार ठेवा, वाळल्यावर काढून घ्या.

झगा एक दिवस वाळला की आतली बाजू उघडी पडते आणि तिथे टूलचे व्रण, फॉइलचे ठसे दिसतात. तिथे पातळ थर देऊन बाहेरच्या चुण्यांची उलटी नक्कल करा: बाहेर उंचवटा तिथे आत खोलवा. ही मेहनत बरेच जण टाळतात, आणि रंगवताना पस्तावतात, कारण सावली आतच पडते.

कड पातळ दिसली की कापड पातळ दिसतं

०.५ मिलिमीटरचा झगा प्रमाणाने बघितला तर गोधडीसारखा जाड आहे. पण नजर मधली जाडी मोजत नाही, कड बघते. वाळल्यावर आतल्या बाजूने कडेला ब्लेडने तिरकं खरवडा, जोपर्यंत कड ०.२ मिलिमीटरवर येत नाही. मधला भाग जसाच्या तसा राहू द्या, मजबुती तिथेच असते. कोटाच्या खालच्या कडेला, कॉलरच्या टोकाला, बाहीच्या तोंडाला हेच करा. बाहीच्या तोंडात तर ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने आणि ब्लेडने मनगटाभोवती पोकळी करा. बाही आणि हात यांच्यामध्ये दिसणारी एक काळी फट जे काम करते ते दहा चुण्या करत नाहीत.

एकाच फिगरवर थांबणार असाल तर अशा खोल फटी आणि आत वळलेल्या कडा मनसोक्त करा. सिलिकॉनच्या साच्यातून प्रती काढायच्या असतील तर हात आवरा, कारण प्रत्येक आत वळलेली कड साच्याला फाडते किंवा हवा अडकवते.

शिवण काढायची ती पुट्टी चामड्यासारखी झाल्यावर, नव्वद मिनिटांनंतर. सुईने आधी एक उथळ रेघ, मग तिच्या शेजारी टोचे. लवकर टोचलं तर प्रत्येक टोच्याभोवती ज्वालामुखीसारखी कड उठते. बटणं पुट्टीच्या बारीक गोळ्या दाबून होतात, पण सगळी एकसारखी हवी असतील तर ०.८ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या काडीचे पातळ काप करून चिकटवा. बटणाभोवती कापड किंचित ओढलं गेलेलं दाखवा, एक-दोन ताणाच्या चुण्या पुरे. लोकरी पोत हवा असेल तर जुना दातघासणीचा ब्रश हलक्या हाताने टेकवत जा, फक्त उंचवट्यांवर, खोलव्यांत नको.

बिघडलं तर

चुण्या अळ्यांसारख्या वर बसलेल्या दिसतात? पुट्टीच्या शेवया करून वरून चिकटवल्यामुळे. कितीही पुसलं तरी त्यांचा पाया वेगळा दिसत राहतो. वाळू द्या, ब्लेडने उतरवा, आणि त्यांच्या मधल्या जागा नव्या थराने भरून उतार जोडा.

काठावर पुट्टी फाटते, टूलमागे भेगा येतात: वेळ निघून गेली आहे. ओलं करून वाचवायचा प्रयत्न करू नका. वाळू द्या आणि वर नवीन पातळ थर द्या. अर्धवट घट्ट पुट्टीशी झगडण्यात गेलेली दहा मिनिटं नंतर दोन तासांची दुरुस्ती मागतात.

टूलला चिकटते: फार लवकर सुरुवात केली किंवा पिवळा जास्त झाला. पहिल्यात थांबायचं, दुसऱ्यातही थांबायचंच, फक्त जास्त वेळ.

चोवीस तासांनी थर सालीसारखा निघतो: खाली तेल, व्हॅसलिन किंवा पाणी राहिलं होतं. पूर्ण काढा. अर्धा चिकटलेला, अर्धा सुटलेला थर रंगाखाली ठेवू नका.

हिरव्या, चकचकीत पुट्टीवर आकार नीट वाचता येत नाहीत. नजर फसते, आणि सगळं ठीक वाटतं. टॉर्च अगदी बाजूने, पृष्ठभागाला घासून जाईल असा धरून बघा, आणि फिगर आरशात उलटी बघा. काम संपल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुवा, एक दिवस सुकू द्या आणि राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, अगदी पातळ हात मारा. बोटांचे ठसे, राहिलेली लव, सांध्याची रेघ, सगळं तेव्हा एकदम वर येतं. ग्रीन स्टफवरची लव ब्लेडची धार आडवी धरून खरवडा. मिलिपुट असलेल्या जागा ओल्या सँडपेपरने ४०० पासून ६०० आणि मग १००० पर्यंत न्या. सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहिली असतील तर मिलिपुट पाण्यात कालवून मलईसारखं करा, ब्रशने भरा, तासाभराने ओल्या कापसाने पुसा आणि त्या जागेवर पुन्हा प्रायमर मारून बघा.